नाव ठेवलं, दाखला काढला का?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीत मोबाइल मध्ये ठेवून ऐकत असेल. आज मी थोडं कायद्याचं बोलणार आहे. कायदा म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका. हे बोलणं आपल्या पिठाच्या, मसाल्याच्या पुडीवरच्या नावाचं आहे. ते नाव हातातून जायची वेळ आली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या प्रभागात अकरा जणींचा एक गट आहे. चकलीची भाजणी, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी हा त्यांचा माल. गटाचं आणि मालाचं नाव मी सांगत नाही, तसं त्यांनीच सांगितलं आहे. २०१९ साली त्यांनी आठवडी बाजारात सुरुवात केली. मग तालुक्याची प्रदर्शनं झाली. पुढे सचिव ताईंच्या भाच्याने मोबाइलवर पान काढून दिलं, एका ऑनलाइन बाजारात माल लावून दिला. पुण्या-मुंबईहून ऑर्डर यायला लागल्या, इंदूरच्या मराठी घरांतूनही आल्या. बायका हरखून गेल्या होत्या.

एका वर्षी दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. दोन क्विंटल भाजणी भाजून, दळून तयार. आणि मोबाइलवर संदेश आला: तुमच्या मालाची विक्री थांबवली आहे, या नावाच्या ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली आहे.

सचिव ताईंचा मला फोन आला. आवाज कापत होता. म्हणाल्या, "ताई, आपण कुणाचं काय चोरलं?"

कुणाचं काही चोरलं नव्हतं. नाव त्यांनीच ठेवलं होतं, अध्यक्षा काकूंनी सुचवलेलं. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याने २०२१ साली त्याच नावाने मसाले विकायला सुरुवात केली आणि २०२२ साली नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. त्याला नोंदणी मिळाली. ऑनलाइन बाजाराने कागद बघितला. त्याच्याकडे कागद होता, आपल्याकडे नव्हता.

काकू तेव्हा जे बोलल्या ते माझ्या डोक्यात बसलं आहे. म्हणाल्या, "पोराचं बारसं केलं, पेढे वाटले, आणि जन्माचा दाखला काढायचा राहिला. तसं झालं बघा."

तर आज या दाखल्याबद्दल बोलू. मी वकील नाही. पण त्या सात आठवड्यांत वकिलाच्या पायऱ्या चढून जे कळलं, ते तुम्हाला सांगते.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. ट्रेडमार्क म्हणजे मालाची ओळख. पुडीवरचं नाव, खूण, चिन्ह. ते बघून गिऱ्हाईक म्हणतं, हा माल त्या बायकांचा. याचा कायदा १९९९ चा आहे. कॉपीराइट म्हणजे आपण स्वतः तयार केलेल्या गोष्टीवरचा हक्क: काढलेला फोटो, लिहिलेला मजकूर, रेखाटलेलं चित्र, गायलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग. त्याचा कायदा १९५७ चा. पुडीवरचं नाव पहिल्या कायद्यात बसतं, पुडीवरचं चित्र दोन्हींत बसू शकतं.

आता एक मोठा गैरसमज. त्या दिवशी सचिव ताईंनी मला फाईल दाखवली. त्यात फूड लायसन होतं, उद्यम नोंदणी होती. त्या म्हणाल्या, "एवढे सरकारी कागद आहेत, सगळ्यांवर आपलं नाव आहे, मग नाव आपलं कसं नाही?" मैत्रिणींनो, फूड लायसन सांगतं की तुम्ही खाण्याचा माल करायला परवानगी घेतली आहे. उद्यम नोंदणी सांगते की तुमचा छोटा उद्योग आहे. जीएसटीचा नंबर कराचा. यातला एकही कागद पुडीवरच्या नावाची मालकी देत नाही. इन्स्टाग्रामवर त्या नावाचं पान मिळालं म्हणूनही नाव आपलं होत नाही. घरपट्टी भरली म्हणून सातबारा आपल्या नावावर होतो का? तसंच हे.

मग तो गट वाचला कसा? वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नाव कधीपासून वापरताय? आणि पुरावा काय?" कायद्यात एक सोय आहे, ३४ वं कलम. समोरच्याने नाव वापरायला सुरुवात केली ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोन्हींच्या आधीपासून आपण तेच नाव सलग वापरत असलो, तर त्याच्या नोंदणीमुळे आपलं वापरणं बंद पाडता येत नाही. पण "आधीपासून" आणि "सलग" हे तोंडाने सांगून चालत नाही.

दोन रात्री आम्ही पत्र्याच्या पेट्या उपसल्या. बिलबुक? सुरुवातीची दोन वर्षं कुणी बिलंच दिली नव्हती. लेबलं छापल्याची पावती? सापडली, हळदीच्या डब्यामागे, २०१९ ची. प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती सापडली, त्यावर मालाचं नाव होतं. एकीच्या जुन्या मोबाइलमध्ये स्टॉलचा फोटो होता, मागे बॅनर दिसत होता. सगळ्यांत भक्कम निघालं ते गटाचं इतिवृत्त पुस्तक. त्यात तारीख घालून ठराव लिहिला होता की आजच्या बैठकीत आपल्या मालाचं नाव अमुक ठेवायचं ठरलं. खाली अकरा जणींच्या सह्या, त्यात तिघींचे अंगठे. ज्या पुस्तकात आपण दर महिन्याला कंटाळून तेच तेच लिहितो, त्या पुस्तकाने गट वाचवला.

वकिलांनी सगळं जोडून उत्तर पाठवलं. समोरच्याने तक्रार मागे घेतली. विक्री परत सुरू झाली, पण सात आठवड्यांनी. दिवाळी कधीच होऊन गेली होती. तोवर भाजणी खवट होऊ नये म्हणून बायकांनी ती गावोगाव फिरून पडेल त्या भावाला विकली. नफा राहू द्या, डाळी-तांदळाचे पैसे जेमतेम निघाले. गटाने कर्ज काढून धान्य भरलं होतं, त्याचा हप्ता चुकला. नोंदणीला जेवढे पैसे लागले असते, त्याच्या कितीतरी पट गेले.

म्हणून आता नोंदणी कशी होते ते ऐका.

आधी शोध घ्यायचा. केंद्र सरकारच्या आयपी इंडिया या संकेतस्थळावर आपण ठरवलेलं नाव आधीच कुणाचं आहे का, हे फुकट बघता येतं. गटात एखादी शिकणारी मुलगी असेल तर तिला बसवा. शोधताना फक्त हुबेहूब नाव बघू नका. उच्चाराला जवळचं, स्पेलिंग बदललेलं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही अक्षरांत लिहिलेलं, सगळं बघा.

जवळचं नावही का चालत नाही? त्याचा एक जुना निकाल आहे. अमृतधारा तुमच्या सासूबाईंना नक्की आठवत असेल. पोटदुखी, डोकेदुखी, काहीही झालं की तिचे दोन थेंब. त्या अमृतधारावाल्यांनी लक्ष्मणधारा नावाच्या औषधाच्या नोंदणीला हरकत घेतली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ साली निकाल लागला. शिकलेला माणूस म्हणेल, अमृत कुठे आणि लक्ष्मण कुठे. पण न्यायालयाने असं पाहिलं की साधं गिऱ्हाईक दोन बाटल्या शेजारी ठेवून ताडून बघत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असतं आणि अख्खं नाव कानाला कसं लागतं त्यावर तो माल घेतो. तेव्हा ही दोन नावं फसवण्याइतकी जवळची आहेत. तरीही अमृतधारावाल्यांनी बरीच वर्षं गप्प बसून चालू दिलं होतं, म्हणून लक्ष्मणधाराला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. यातून दोन गोष्टी घ्या. कुणाच्या नावाला घासून जाणारं नाव ठेवू नका. आणि आपलं नाव कुणी वापरताना दिसलं तर वर्षानुवर्षं गप्प बसू नका.

दुसरं, नाव कसं असावं? आपण काय करतो, "स्वादिष्ट मसाले", "शुद्ध तूप", "घरगुती पापड" अशी नावं ठेवतो. हे मालाचं वर्णन झालं. वर्णनाच्या शब्दावर सहसा एकाची मालकी देत नाहीत, कारण शुद्ध म्हणायचा हक्क सगळ्यांनाच आहे. देवाधर्माच्या नावांचंही जपून. अगरबत्तीला "रामायण" हे नाव नोंदवून मागणाऱ्या एका व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नकार दिला. धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कुणा एकाला आपल्या मालासाठी हक्क सांगता येणार नाही, असं म्हटलं. तेव्हा नाव वेगळं असावं, सहज न सुचणारं. आजीच्या तोंडचा एखादा शब्द, वाडीचं जुनं टोपणनाव, दोन शब्द जोडून केलेला तिसरा शब्द. लिज्जतचंच बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नाव ठरलं ते १९६२ साली, त्यासाठी स्पर्धा ठेवली, ५ रुपयांचं बक्षीस ठेवलं. लिज्जत हा गुजराती शब्द, अर्थ चव. अर्थ साधा असला तरी इतक्या वर्षांच्या वापराने आज तो शब्द ऐकला की पापडच आठवतो. आपण मात्र नवीन नाव ठेवताना वेगळाच शब्द घ्यावा, म्हणजे वाट सोपी होते.

मग अर्ज. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केले आहेत. मसाला, पीठ, चहा ३० व्या वर्गात. लोणचं, तूप २९ व्या वर्गात. गोधडी २४ व्या, कपडे २५ व्या, साबण आणि अगरबत्ती ३ ऱ्या. ज्या वर्गात अर्ज कराल त्या वर्गापुरतं संरक्षण. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. ऑनलाइन अर्जाला मोठ्या कंपन्यांना ९,००० रुपये पडतात, पण एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ४,५००. कागदावर अर्ज दिला तर ५,०००. इथे ते उद्यमचं प्रमाणपत्र खरं कामाला येतं. वकिलाची किंवा एजंटची फी वेगळी, ती आधी विचारून, लिहून घ्या. आपल्या महाराष्ट्राचे आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात तपासले जातात, ते अँटॉप हिलला आहे.

अर्ज गेला की नंबर मिळतो. तेव्हापासून स्थिती बघत राहायची. तपासनीस आक्षेप काढतात. त्यांचा अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ते राहून गेलं तर अर्ज निकालात निघतो आणि फी बुडते. म्हणून अर्जात जो मोबाइल आणि ईमेल देता तो गटात रोज बघणारीचाच असू द्या. आक्षेप मिटले की नाव सरकारी जर्नलमध्ये छापतात आणि हरकती घ्यायला लोकांना चार महिने देतात. कुणी हरकत घेतली नाही तर प्रमाणपत्र येतं. ते अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतं, मग दर १० वर्षांनी फी भरून वाढवायचं. अर्ज केल्यावर पुडीवर नावाशेजारी इंग्रजी टीएम लिहिता येतं, ते तर अर्जाआधीही चालतं. पण गोलातलं आर हे अक्षर प्रमाणपत्र आल्याशिवाय लावू नका. नोंदणी नसताना लावलं तर कायद्याने दंड आहे. छापखानेवाला "सगळेच लावतात" म्हणून लावून देतो, त्याला थांबवा.

आता जे सांगते ते आमच्या बैठकीत झालं, आणि मला वाटतं आजच्या बोलण्यातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

आपल्या बहुतेक गटांचं बँकेत खातं असतं, इतिवृत्त असतं, पण गट म्हणजे कायद्याने नोंदवलेली संस्था किंवा कंपनी नसते. मग फॉर्मवर मालक म्हणून लिहायचं कोण? बैठकीत सचिव ताईंचा मुलगा सहज म्हणाला, "आईच्या नावाने टाकून देऊ, सगळं तीच बघते." चांगल्या मनाने बोलला. पण बैठक एकदम गप्प झाली. कुणी पदराशी चाळा करायला लागलं, कुणी दाराकडे बघायला लागलं. सात आठवडे एकत्र रडलेल्या, धावलेल्या बायका, आणि त्या एका वाक्याने त्यांच्यात अंतर पडलं.

ते अंतर सचिव ताईंनीच मिटवलं. म्हणाल्या, "माझ्या नावावर नको. उद्या मी नसले तर ते माझ्या वारसांचं होईल. भाजणी अकरा जणींनी भाजली आहे." आणि ते खरंच आहे. नोंदणी झालेलं नाव ही मालमत्ता असते. ती विकता येते, देता येते, वारसाहक्काने जाते.

त्या गटाने वकिलांच्या सल्ल्याने अकरा जणींच्या नावाने एकत्र अर्ज केला. सोबत आपसात करारनामा केला: एखादी गट सोडून गेली तर तिला काय मिळेल, नाव कुणाकडे राहील, नवी सभासद आली तर काय. तुमचा प्रभागसंघ नोंदवलेला असेल, तुमची उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था असेल, तर तिच्या नावाने अर्ज हा आणखी चांगला मार्ग. पण काहीही करा, बैठकीत बोलून करा, ठराव लिहून करा. गोडीत आहोत तेव्हाच हे बोलून घ्यावं.

आता दुसरा कायदा, कॉपीराइट. त्याच पेटीतून तोही बाहेर आला. पुडीवर सूप आणि चुडा भरलेल्या हाताचं सुंदर चित्र आहे. ते त्या भाच्याने काढलं, पैसे न घेता. वकील म्हणाले, मग चित्राचा मालक तो. आम्ही चाटच पडलो. कॉपीराइटची गंमत अशी की त्याला नोंदणी सक्तीची नाही. ज्याने चित्र काढलं, त्याचा हक्क काढल्या क्षणीच तयार होतो. तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. पण लोगो करून घेताना त्यावर विसंबू नका, लिहूनच घ्या. तोंडी दिलेला हक्क कायदा मानत नाही, कागद आणि सही लागते. त्या कागदात हक्क कायमसाठी दिला असं लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर तो फक्त ५ वर्षांसाठी दिला असं धरतात. कुठे वापरायचा हे लिहिलं नाही तर फक्त भारतापुरता धरतात. भाच्याने हसत सही केली. आणि जाता जाता पानाचा पासवर्डही गटाच्या वहीत लिहून दिला. तोवर तो एकट्या त्याच्या मोबाइलमध्ये होता!

आता जरा आपल्याही चुका बघू. आपलं नाव कुणी घेतलं की आपल्याला राग येतो. पण आपण काय करतो? पुरणपोळीची जाहिरात करायची, तर इंटरनेटवरून छानसा फोटो उचलतो. तो कुणीतरी काढलेला असतो, त्याचा हक्क असतो. शिवाय गिऱ्हाइकाला दाखवली एक पोळी आणि पाठवली दुसरी, हेही झालंच. आपल्या पोळीचा फोटो आपणच काढावा. खिडकीच्या उजेडात, स्वच्छ ताटात ठेवली तरी पुरे होतं.

राख्यांच्या दिवसांत छोटा भीम आणि डोरेमॉनच्या राख्या करतात, फ्रॉकवर कार्टून छापतात, नामी कंपनीचं चिन्ह लावून पर्स शिवतात. "सगळ्या बाजारात मिळतं" हे खरं, पण परवानगी नसताना जाणूनबुजून असा माल विकणं हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क आणि कॉपीराइट दोन्ही कायद्यांत त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. राखीवर मोर काढा, सूर्यफूल काढा, आपल्या भिंतीवरचं चित्र काढा. ते आपलं असतं.

गाण्याचंही तसंच. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. मसाल्याच्या जाहिरातीला ती सूट नाही. मोबाइलवर व्हिडिओ टाकताना मागे सिनेमाचं गाणं लावलं की कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच काढून टाकतात. त्या गटाने यावर छान तोड काढली. आता काकू जात्यावर बसतात आणि स्वतः ओवी म्हणतात. पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या ओवीवर कुणा एकाची मालकी नाही. कुणी गायिकेने रेकॉर्ड केलेली ओवी उचलू नका, ते रेकॉर्डिंग तिचं किंवा कंपनीचं असतं. स्वतः म्हणा. आणि जिचा आवाज घ्याल तिला विचारून घ्या.

रेसिपीबद्दल खूप जणी विचारतात. काळ्या मसाल्याची कृती कुणी चोरली तर? कृती म्हणजे कल्पना, तिच्यावर कॉपीराइट नसतो. तुम्ही लिहिलेल्या शब्दांवर असतो, फोटोवर असतो. कोण कोणता मसाला किती घालायचा, हे व्हिडिओत सांगूच नका. भाजताना दाखवा, माप झाकून ठेवा. आपल्या आज्या हेच करत होत्या.

शेवटचं, गावाच्या नावाबद्दल. सांगलीची हळद, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, पैठणी, वारली चित्रकला, यांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ते नाव त्या मुलखातल्या, ठरलेल्या पद्धतीने माल करणाऱ्यांचं. दुसरीकडची हळद "सांगली हळद" म्हणून पुडीत भरू नका. आणि तुम्ही त्याच मुलखातल्या असाल, तर अधिकृत वापरकर्ती म्हणून तुमचं नाव नोंदवता येतं, ते जरूर नोंदवा. पण हेही ओळखून असा की या नोंदींना हद्द असते. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आपल्याकडे आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मान्य केलं की त्या भारतीय पारंपरिक चपलांवरून सुचल्या आहेत. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे, पण भारतातली नोंद भारतापुरती चालते, आणि ती मुख्यतः नाव राखते. आपल्या ट्रेडमार्कचंही तसंच, तो देशापुरता आणि त्या त्या वर्गापुरता.

आणि अजून नोंदणी झाली नसेल तर आपण अगदीच उघड्यावर आहोत का? नाही. नोंदणी नसलेलं नावही कुणी आपला माल म्हणून खपवायला वापरलं, तर कोर्टात दाद मागता येते. पण तिथे आपलं नाव लोकांत रुजलेलं आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं. आणि कोर्टाच्या खेपांना आपल्यापैकी कितीजणी पुरणार?

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. इतिवृत्तात तारीख घालून ठराव लिहा: आमच्या मालाचं नाव काय, कधीपासून वापरतो, ते सगळ्या सभासदांचं आहे. एक जाड फाईल घ्या आणि लेबल छापल्याच्या पावत्या, स्टॉलच्या पावत्या, पहिल्या पुडीचा फोटो, सगळं त्यात घाला. आजपासून प्रत्येक विक्रीचं बिल द्या, त्यावर मालाचं नाव लिहा, अगदी अर्ध्या किलोचं असलं तरी. आणि आयपी इंडियावर एकदा आपलं नाव शोधून बघा. नवीन पाच हजार पिशव्या छापायच्या आधी बघा, नंतर नको.

त्या गटाचा अर्ज गेला आहे, अजून निकाल यायचा आहे. पिशव्यांवर नावाशेजारी बारीक टीएम आलं आहे. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही. पण परवा पुडी हातात घेऊन त्या अक्षरांवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "हाच ना गं दाखला?"

मी म्हटलं, "काकू, हा नव्हे. पण अर्ज गेलाय."

"मग ठीक," म्हणाल्या, आणि पुडीचं तोंड बंद करायला लागल्या.